तिला वाटेवरून कोणी उतरवलं

अन्याय झाला तो जंगलातल्या एका खासगी लॉजमध्ये खोल्या आवरणाऱ्या आणि पहाटेचा चहा पोचवणाऱ्या बाईवर. गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारी, पहाटे सव्वापाचला, आमच्या तंबूपासून वीस पावलांवर. तिचं नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं, त्याचं काय झालं ते सांगतेच.

आई परळच्या एका मोठ्या इस्पितळात तीस वर्षं आयाबाई होती. निवृत्त झाली तेव्हा भावाने आम्हा दोघींसाठी त्या लॉजमध्ये दोन रात्री बुक केल्या. संरक्षित जंगलाच्या हद्दीतलं लॉज. म्हणायचे तंबू, आत एसी. मला जायचंच नव्हतं. मी भोईवाड्यात वाढलेली, दर सहा डिसेंबरला शिवाजी पार्कावर पत्रकं वाटत शहाणी झालेली. आई म्हणाली, बाई गं, दोन दिवस तोंड बंद ठेव, मला वाघ बघायचाय.

शनिवारी दुपारी जेवून परतताना समोरून ती बाई आली, डोक्यावर चादरींचं गाठोडं. आम्हाला बघताच फरशीच्या वाटेवरून खाली उतरली आणि घाणेरीच्या झुडपात पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, लाजली. आई मात्र थांबली. काय झालं गं, म्हणून विचारलं.

"काही नाही जी मावशी. पावने दिसले का रस्ता सोडाचा असते. सायबानं सांगतलं हाय."

पाहुण्यांना जंगलात आपण एकटेच आहोत असं वाटलं पाहिजे, म्हणून हा नियम. आईने विचारत विचारत आणखी काढून घेतलं. ती वाट तिच्याच गावाची होती. लहानपणी ती तिथूनच तळ्यावर जायची. गाव वाघासाठी उठवलं. लॉज मात्र वाघाला चालतं.

आम्ही बौद्ध. समोरून कोणी आलं म्हणून वाट सोडायची म्हणजे काय, हे आमच्या घरात समजावून सांगावं लागत नाही. आईने भाषण केलं नाही. साडी सावरून खाली उतरली आणि तिला म्हणाली, "तू जा आधी. आमच्या वॉर्डात ज्याच्या हातात ओझं, त्याला पुढे सोडतात. मी स्ट्रेचर घेऊन निघाले की मोठे मोठे डॉक्टर भिंतीला चिकटायचे."

बाई हसली, पण आधी इकडेतिकडे बघून. मग संध्याकाळभर तेच चाललं. ती दिसली की आई खाली. एकदा तर दोघीही झुडपात, तू जा, नाही मावशी तुम्ही जा, आणि मोकळ्या वाटेवर मधोमध मी.

रविवारी पहाटे जीपची घाई. आई मागे स्वेटर घालत होती, मी टॉर्च घेऊन पुढे. समोरून ती, हातात ट्रे, त्यावर आमच्या पलीकडच्या तंबूसाठी उकळत्या चहाची किटली. ती खाली उतरली. अंधारात तिथे पाण्याचा चर होता. आणि मी, मोठी चळवळीतली, वाट मोकळी झाली म्हणून चालत राहिले. किटली पडल्याचा आवाज आला तेव्हा मागे वळले. सगळा चहा तिच्या पायावर. आईने तिचा पाय बागेच्या नळाखाली धरला तो बराच वेळ सोडला नाही. जीप आमच्याशिवाय गेली.

मॅनेजर आला. फार नम्र. तुमची सफारी बुडाली, सॉरी, हिचाच निष्काळजीपणा, म्हणाला. नियम कुठे लिहिलाय तो दाखवा, मी म्हटलं. लिहिलेला नव्हताच.

"मॅडम, गेस्टना असंच आवडतं. आजवर एकानेही तक्रार केली नाही."

मग मी सवयीने जे येतं तेच केलं. अभिप्रायाच्या वहीत दोन पानं भरली. मथळा दिला, खाली रेघ ओढली. बाईचं नाव, गाव, तिने आईला सांगितलेलं सगळं, तिच्याच शब्दांत. खाली सही ठोकली. बरं वाटलं.

सोमवारी चहा दुसरीने आणला. पाहुण्यांकडे गाऱ्हाणं नेलं म्हणून पहिलीला कामावरून काढलं, असं ती कपाकडे बघत म्हणाली. आई तडक ऑफिसात गेली. निर्णय वरून आलाय, एवढंच उत्तर मिळालं.

स्टेशनकडे जाताना गाडीत आई म्हणाली, "तुला पत्रक लिहायचं होतं. तिला कामावर जायचं होतं. विचारलंस तिला?"

नव्हतं विचारलं.

आता विचारलंय. सोमवारी चहा आणणाऱ्या बाईकडून तिचा नंबर मिळवला, फोन केला. पाय बरा आहे. तिला माफी नको, पेपरात फोटो नको. काम परत हवंय, आणि ट्रे घेऊन फरशीवरून सरळ चालायचंय. एवढंच, आधी तिला दाखवून, नाव न घालता, मी लॉजच्या मालकांना तीन पत्रं लिहिली. एकाचंच उत्तर आलं: नियम बदलावा अशी गेस्टची मागणी नाही.

म्हणजे हा नियम तुमच्या नावावर चाललाय. तिला त्या चरात तुमच्या आवडीसाठी उतरवलं. तेव्हा नुसतं हळहळू नका. अशा कुठल्याही लॉजचं बुकिंग कराल तेव्हा आधी लेखी विचारा: आमच्यासाठी तुमची माणसं वाटेवरून खाली उतरतात का, आणि त्या नियमापायी काढलेल्यांना परत कामावर घेतलंत का? लेखी उत्तर येईपर्यंत पाऊल ठेवू नका तिथे.