‘मी स्वतः तपासले’

शिक्क्याच्या शाईचा वास आला की तो वॉर्ड आठवतो. मे महिना, कूलर कोरडा, मी शिकाऊ डॉक्टर, आणि मोठ्या डॉक्टरांचा शिक्का माझ्या एप्रनच्या खिशात. ‘रुग्णाला मी स्वतः तपासले’ यावर त्यांचा सही-शिक्का असल्याशिवाय विम्याचं काम पुढे सरकत नसे, आणि ते तीन दिवस फिरकलेच नव्हते. खापरखेड्याच्या पेशंटची बायको दर तासाला विचारी, “मोठे डॉक्टर काहून नाही येऊन राहिले जी?” शेवटी मीच त्यांची सही ठोकली, शिक्का मारला आणि नातेवाइकाच्या सहीसाठी कागद तिच्यापुढे धरला. तिनं तो सावकाश वाचला. “कवा येऊन गेले जी? मी तर इथून उठलीच नाही.” आता शिक्का माझ्या नावाचा आहे. सकाळपासून तो कुणाच्या खिशात आहे, मला ठाऊक नाही.