शोकेसमधलं टीव्ही केंद्र

नगरची आमच्या वयाची दोन माणसं एकत्र चहाला बसली, की आमच्या टीव्ही केंद्राचा विषय निघतोच. एकानं एक किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि चहा गार होतो! खरे टीव्ही घरोघर आले, केंद्र कधीच बंद पडलं. किस्से मात्र वाढतच चाललेत.

झालं असं, की मुंबईत टीव्ही नुकताच सुरू झाला होता. नगरात तो कुणी पाहिलेला नव्हता. आमच्या पेठेत दिगूकाकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. काका मुंबईला जाऊन टीव्ही बघून आले आणि पार झपाटले! चौथ्या दिवशी त्यांनी दुकानाच्या शोकेसमधले रेडिओ काढले, काचेभोवती लाकडी चौकट ठोकली, खाली दोन मोठी बटणं बसवली. आत खुर्ची आणि माइक, बाहेर कर्णा.

"झालं! आता फक्त आत माणूस पाहिजे," काका म्हणाले.

माणूस म्हणजे फिलिपमास्तर. शाळेतून रिटायर झालेले. तरुणपणी त्यांनी रेडिओवर बातम्या वाचायची परीक्षा तीनदा दिली होती, तिन्ही वेळा नापास. रोज संध्याकाळी साडेसहाला कोट-टाय घालून त्या चौकटीत बसले, की मास्तरांचा चेहरा असा काही खुलायचा, काय सांगू! मी तेव्हा टायपिंग क्लासला जायची. गावातल्या बातम्या टाइप करायच्या आणि मास्तरांना ठसका लागला की काचेपुढे 'व्यत्यय' लिहिलेली पाटी धरायची, ही माझी नोकरी. बिनपगारी!

*

पहिल्याच दिवशी पाथर्डीचा एक गडी गर्दीतून पुढे आला. मुंबईला जाऊन आलेला.

"म्या बघितलाय की टीव्ही! तिथली मानसं इतकुशी असत्यात. तुमचा मानूस लई मोठा हाय!"

काका तोऱ्यात म्हणाले, "मॉडेल मोठं आहे आमचं!"

*

आमचे प्रेक्षक गप्प बसणारे नव्हते. दुष्काळाचं साल, त्यामुळे पाण्याच्या टँकरची बातमी सगळ्यात महत्त्वाची. मास्तरांनी वाचलं, "उद्या टँकर सकाळी आठ वाजता येईल." लगेच एक आजीबाई काचेवर टकटक करून म्हणाल्या, "मास्तर, कालबी आठच म्हनला हुतास. धा वाजता आला त्यो!"

मास्तरांनी बातम्या थांबवल्या, हात जोडले. "चुकलं आजी. आता पुढची बातमी."

मुंबईवाला असा हात जोडेल का, सांगा!

*

एकदा मास्तर वाचत होते, "कासारांची तांबडी गाय कालपासून हरवली आहे. एक शिंग मोडलेलं आहे." वाचता वाचता वर बघतात तर काचेला नाक लावून एका शिंगाची तांबडी गाय उभी!

मास्तर जराही गडबडले नाहीत. "आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार, गाय सापडली आहे. कासारांनी घेऊन जावी."

*

वीज तर हमखास जायची. पहिल्यांदा गेली तेव्हा मी घाईघाईनं पाटी उचलली. काका ओरडले, "खाली ठेव ती!" त्यांनी कंदील लावून मास्तरांच्या तोंडाशी धरला, मास्तरांनी काच सरकवली आणि वर्गात शिकवायच्या आवाजात हवामान सांगितलं. वीज गेली तरी चालू राहणारं टीव्ही केंद्र जगात दुसरं असेल तर दाखवा!

*

पण गर्दी इतकी व्हायची की टांगे अडायचे. नवे फौजदार आले होते, भलतेच कडक. त्यांनी दोनदा ताकीद दिली. "आणखी एकदा रस्ता अडला, की केंद्र बंद!"

आणि तिसऱ्या वेळी अख्खी वरात थांबली! घोड्यावरच्या नवरदेवानं बँडवाल्यांना दटावलं, "गप्प बसा रे, टँकरचं ऐकू द्या!" पाऊण तास रस्ता बंद.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फौजदार लेखी हुकूम घेऊन आले. मास्तरांनी तो वाचला आणि गळ्यातला टाय सोडायला लागले. मला रडूच फुटलं.

"हुकूम मान्य आहे साहेब," मास्तर म्हणाले. "पण बाहेर लोक जमलेत, त्यांना सांगायला हवं. पेठेतली बरीवाईट प्रत्येक बातमी आम्ही वाचतो. ही माझ्यानं वाचवणार नाही. तुम्ही वाचा."

फौजदार कुरकुरत चौकटीत बसले. काकांनी बल्ब लावला.

"तमाम नागरिकांना कळविण्यात येते की..."

बाहेर एकदम शांतता झाली. आपलाच आवाज कर्ण्यातून पेठभर घुमलेला फौजदारांनी ऐकला आणि ते जरा सावकाश वाचायला लागले. मग आणखी सावकाश. हुकूम चार ओळींचा, पण संपेचना!

इतक्यात त्यांचा हवालदार धावत आत आला. "साहेब, बाईसाहेब आल्यात बाहेर. म्हनत्यात, पयल्यापासनं वाचा. मागनं दिसलं न्हाई त्यांना."

फौजदारांनी काचेतून बाहेर बघितलं. हुकूम उलटा करून ठेवला, टोपी काढली, केस सारखे केले. मग माझ्याकडे वाकून अगदी हळू आवाजात बोलले, आणि ते कर्ण्यातून सगळ्या पेठेनं ऐकलं:

"पोरी, पावडर आहे का गं?"