चांगीचे टेपकाका

सिंगापूरच्या उकाड्यात बाराही महिने लोकरीचा स्वेटर घालून हिंडणारा एकच माणूस मी पाहिला. चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसात सगळे त्यांना ‘टेप अंकल’ म्हणत. आम्हा दोन-चार मराठी माणसांचे ते टेपकाका. दिवसाचा बराच वेळ मशीनरूमच्या गारठ्यात जायचा, हे स्वेटरचं एक कारण. दुसरं म्हणजे तो साताऱ्याहून ताईने विणून पाठवलेला असे. दुपारी फूड कोर्टात आम्ही घामाने निथळत असू आणि काका बाह्या तेवढ्या वर सारून निवांत डोसा खात.

ही ताई त्यांच्याहून बरीच मोठी. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिने शाळेत नोकरी धरून भावाला वाढवलं, इंजिनियर केलं. त्यात तिचं लग्न राहून गेलं. काकांनीही केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणत, “आमच्या घरात ती पद्धत नाही,” आणि स्वतःच हसत. रोज संध्याकाळी ट्रेनमध्ये बसायच्या आधी ते स्टेशनाबाहेर उभे राहून तिला फोन करत. आज काय खाल्लं, गुडघा कसा आहे, एवढंच बोलणं. पण ते झाल्याशिवाय पाऊल पुढे पडत नसे.

आमची कंपनी लहान क्लिनिकांच्या पेशंटच्या नोंदी सांभाळायची. त्यांची एक प्रत रोज टेपवर उतरवली जाई. कपाटाएवढं यंत्र, आत टेपचे खण, आणि हवी ती टेप उचलून लावणारा एक यांत्रिक हात: ती काकांची टेप लायब्ररी. भरलेल्या टेप ते बाहेर काढून तिजोरीत ठेवत आणि अधूनमधून त्यातली एखादी पुन्हा लावून वाचून बघत. “ठेवलेलं सगळ्यांकडेच असतं,” ते म्हणत. “परत मिळतं का, ते बघावं लागतं.” नव्या लोकांना ही म्हाताऱ्याची हौस वाटे. सगळं जग क्लाउडवर चाललेलं असताना टेप कसल्या सांभाळायच्या!

एका सकाळी ऑफिसात आलो तर एकही फाइल उघडेना. बाहेरून कुणीतरी आमच्या संगणकांत शिरून सगळ्या नोंदींना कुलूप घातलं होतं. डिस्कवरच्या प्रतीही गेल्या होत्या. क्लिनिकांचे फोन सुरू झाले. कुणाला कुठलं औषध चालत नाही, कुणाचा इन्सुलिनचा डोस किती, डॉक्टरांना काही दिसत नव्हतं. शाबूत होत्या फक्त तिजोरीतल्या टेप.

त्याच दिवशी काकांचं पुण्याचं तिकीट होतं. ताईला दवाखान्यात ठेवलं होतं. शेजाऱ्यांनी लवकर या म्हणून कळवलं होतं. आमचे मॅनेजर लिम यांनी त्यांना जायला सांगितलं. मीही म्हणालो, काका, आम्ही बघतो. पण कुलूप घालणाऱ्यांनी टेपची यादीही पुसली होती. कुठल्या टेपवर काय आहे ते एकेक लावून शोधावं लागणार होतं, आणि ते काम कधी केलेलं आमच्यात दुसरं कुणी नव्हतं. काकांनी तिकीट पुढे ढकललं. फोनवर ताईला म्हणाले, “परवा येतो गं.” ती काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. काकांनी तो उभ्यानेच ऐकला, ठेवला, आणि यंत्राजवळच्या स्टुलावर बसले. मी जवळ गेलो. “ताई गेली,” एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने चालू असलेली टेप संपली. ते उठले आणि पुढची लावली.

नोंदी परत मिळाल्या, जवळजवळ सगळ्या. काका साताऱ्याला पोचले तेव्हा ताईच्या फक्त अस्थी उरल्या होत्या.

पुढच्या वर्षी कंपनी पूर्णपणे क्लाउडवर गेली. टेप लायब्ररी मोडीत निघाली, काकांचा सिंगापुरात काम करण्याचा पास नूतनीकरणाला पाठवला गेला नाही. जुन्या टेप यंत्रात घालून त्यांचा चुरा करायचं कामही त्यांनाच दिलं गेलं. त्यांनी ते तक्रार न करता केलं.

मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो होतो. सामान देऊन झाल्यावर आम्ही कॉफी घेत बसलो, आणि त्या दिवसाचा विषय त्यांनी स्वतःहून काढला.

“मला वाटलं, ताईला वाचवणं माझ्या हातात नाही, नोंदी वाचवणं आहे. म्हणून थांबलो. पण ज्याचं काही करता येत नाही, त्या माणसाजवळही जाऊन बसायचं असतं रे. ते मला उशिरा कळलं.”

त्यांनी पाठीवर थाप मारली आणि आत गेले.

गेल्या वर्षी माझे वडील आजारी पडले. सिंगापुरातल्या माझ्या आंग मो किओच्या घरी फोन आला तेव्हा ऑफिसात मोठं काम सुरू होतं. मी मिळेल त्या विमानाने निघालो. वडिलांनी मला ओळखलं नाही. मी शेवटपर्यंत त्यांच्याजवळ बसून होतो. नंतर साताऱ्याला काकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “हात धरला होतास ना?”

“हो.”

“मग झालं,” ते म्हणाले.

त्यानंतर काही महिन्यांनी काकाही गेले. मला ते पंधरवड्याने कळलं. त्यांच्याजवळ कोण बसलं होतं, हे मी दोघातिघांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही.