डोंगराच्या पोटात ठेवलेला आवाज

माझ्या बायकोचा आवाज जवळजवळ दोन वर्षं एका परक्या, थंड देशात, डोंगराच्या पोटातल्या खोलीत होता. तिथं तो मीच नेऊन ठेवला. शहाणपणा करून.

आमचं गाव आसेगावच्या पुढं. माझं दुकान मात्र मंगरूळपीरला, तहसीलच्या रस्त्यावर. सातबारा, दाखले, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, हाच माझा धंदा. आम्हाला लेकरू नाही. पण भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गावातल्या साऱ्या पोरी आमच्याच अंगणात असत, कारण भुलाबाई आमच्याकडे बसायची. ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव, त्यात मातीची भुलाबाई आणि तिचा भोळा नवरा भुलोजी. संध्याकाळी टिपऱ्या आणि गाणी. गाणी झाली की खिरापत. खिरापतीचा डबा बंद असतो, तो कानाशी हलवून आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. बायको मोठी वस्ताद. शेंगदाणे फडक्यात घट्ट बांधून ठेवायची, म्हणजे आवाजच येत नसे. पोरी रडकुंडीला यायच्या आणि ही पदर तोंडाला लावून हसायची.

शेवटची चार वर्षं मी तिची गाणी मोबाईलवर भरून घेतली. रोज नाही, कारण रोज मी घरी कुठं असायचो? एका गाण्यात ती मुद्दाम आपल्या पदरचं घालायची. भुलाबाई जेवायची थांबली आहे, भाकर गार झाली आणि भुलोजी मंगरूळपीरला कम्प्युटरपुढे बसला आहे, असं काहीतरी. पोरी खिदळायच्या. मी रागावल्यासारखं करायचो. खरं तर रागावायला मला जागाच नव्हती.

चार वर्षं झाली तिला जाऊन. दोन दिवसांचा ताप आला आणि गेली. त्यानंतर मी भुलाबाई बसवली नाही. पोरी शेजारच्या वहिनींकडे जाऊ लागल्या. वहिनी म्हणजे बायकोची जिवाभावाची मैत्रीण. भिंतीला भिंत लागून घर, म्हणून त्या महिन्यात मी दुकान मुद्दाम उशिरा बंद करायचो. गाणी ऐकायची नव्हती मला, दुसऱ्या कुणाच्या तोंडून तर नाहीच.

माझी गाणी माझ्याजवळ होती ना. एक साधी वेबसाईट केली आणि अठरा गाणी तिथं ठेवली. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र कुणाला पाठवलं नाही. तिचा आवाज असा रस्त्यानं फिरू नये, ज्याला ऐकायचा त्यानं तिच्या दारात यावं, असं माझं म्हणणं. वहिनी दुपारी कापूस वेचताना मोबाईलवर ऐकायच्या. बरं चाललं होतं.

मग एक दिवस इंग्रजीत नोटीस आली. कुठल्याशा कॅसेटवाल्या कंपनीनं भुलाबाईच्या गाण्यांची तबकडी काढली होती म्हणे, आणि माझ्या साईटवरची गाणी त्यांच्या मालकीची होती म्हणे. मालकीची! माझं डोकंच फिरलं. बायको ही गाणी कारंज्याकडच्या माहेराहून शिकून आली, तेव्हा तुमच्या कंपनीचा जन्म तरी झाला होता का, तुमचा भुलोजी मंगरूळपीरला बसतो का, असं सगळं मी लिहून पाठवलं. उत्तर आलं ते मशीनचं. हरकत घ्यायची असेल तर सही करा, कोर्टात उभं राहायची तयारी कळवा. दोन दिवसांत साईट बंद.

तेव्हा मला भीती भरली. दुकानाचा परवाना सरकारी. दुकानाच्या कम्प्युटरवर चोरीचा माल सापडला, असं उद्या कुणी म्हटलं तर? कायद्याच्या कागदाला आम्ही माणसं फार भितो आणि दुसऱ्यांचे असले कागद भरण्यात माझा जन्म गेला, म्हणून मी जरा जास्तच भितो.

मग मी शोधत बसलो. नोटिशीला न जुमानणाऱ्या जागा जगात पुष्कळ आहेत, हे मला तेव्हा कळलं. कुणी समुद्रातल्या जुन्या चौकीवर कम्प्युटर ठेवले आहेत, कुणी नकाशात न सापडणाऱ्या बेटावर. समुद्रावर माझा भरवसा बसेना. वाशीम जिल्ह्यातल्या माणसानं समुद्र किती पाहिला असणार? शेवटी एक डोंगर सापडला. लढाईच्या काळात सैन्यानं पोखरलेला, हातभर जाडीचं लोखंडी दार, बाहेर बर्फ. आम्ही कुणाच्याही नोटिशीला उत्तर देत नाही, असं त्यांनी छातीठोक लिहिलं होतं. मी अठराही गाणी तिथं चढवली. ती तिथं वाजतात याची खात्री केली आणि मग मोबाईल, दुकानाचा कम्प्युटर, सगळं पुसून कोरं केलं. आता या म्हटलं झडती घ्यायला! त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवलो.

महिनाभरात वहिनींनी दारात येऊन सांगितलं की गाणी लागत नाहीत. पाहिलं तर खरंच. त्या डोंगरात आमचे शेजारी कोण होते ते मग समजलं. लोकांना गंडवणारे, चोरीचे सिनेमे विकणारे. सरकारनं तो अख्खा पत्ताच आपल्या देशात बंद करून टाकला होता. म्हणजे तिचा आवाज साऱ्या जगात ऐकू येत होता, फक्त तिच्या गावात येत नव्हता.

दुसऱ्या देशातून वळसा घालून जायची एक आडवाट असते. ती मला येत होती, वहिनींना कुठून येणार? मी शिकवलीही नाही. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी कानात इअरफोनच्या बोंड्या घालून एकटाच ऐकायचो. गाता गाता ती मध्येच थांबून विचारायची, "भरून राह्यले का?" आणि मी हो म्हणायचो. रिकाम्या दुकानात, मोठ्यानं.

तेव्हा गाणी परत उतरवून का घेतली नाहीत? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. एक म्हणजे भीती. दुसरं म्हणजे तो डोंगर, ते दार. तिथून कुठं जातात, असं वाटायचं.

यंदा पोळा झाला त्याच आठवड्यात साईट आडवाटेनंही उघडेना. आठ दिवसांनी बातमी वाचली. तिथल्या पोलिसांनी दार फोडून डोंगरातले सगळे कम्प्युटर उचलून नेले होते. मी त्यांना तीन पत्रं लिहिली. माझ्या बायकोची अठरा गाणी आहेत, बाकी तुमचं काही नको, असं लिहिलं. उत्तर आलं नाही. इतका मूर्ख माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही.

मग दुकानात बसवेना. ज्या खुर्चीत बसून ऐकायचो तीच खायला उठायची. एक दिवस उन्हं असतानाच शटर ओढलं आणि घरी आलो. भादव्याची पुनव होऊन गेली आहे हेही ध्यानात नव्हतं. हातपाय धूत होतो, तर भिंतीपलीकडे टिपऱ्या सुरू झाल्या. दार लावायला उठलो आणि तसाच उभा राहिलो.

भाकर गार झाली होती. भुलोजी मंगरूळपीरला कम्प्युटरपुढे बसला होता.

मी अनवाणीच वहिनींच्या अंगणात गेलो. एकीला धरून विचारलं की हे तुला कुणी शिकवलं. पोर आठ-नऊ वर्षांची, तिनं माझ्या बायकोला धड पाहिलेलंही नसेल. ती म्हणाली, "मोठ्या पोरी म्हणतेत तसं म्हणतो आमी. गाणं असंच हाये, आबाजी. भुलोजी मंगरूळपीरलेच राह्यते."

वहिनी मांडवापाशी बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं की मला कधी सांगितलं का नाही. त्यांचा आवाज चढला नाही.

"चार वर्षं झाले, रोज म्हणून राह्यल्या. तुमी कधी घरी होते, भाऊजी?"

पोरी थांबल्या होत्या. त्यांतल्या एकीनं खिरापतीचा डबा माझ्या हातात दिला आणि ओळखा म्हणाली. मी कानाशी धरून हलवला. पुन्हा हलवला. आत काहीच वाजलं नाही.

"शेंगदाणे," मी म्हटलं. "फडक्यात बांधलेले हायेत."