जाधवमामांच्या मनगटाचं इन्स्पेक्शन

वर्कशॉपमधले किस्से म्हणजे लोखंडाचा किस. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढाच ढीग! नव्वदच्या दशकातल्या, पावणे इथल्या आमच्या वर्कशॉपचा एक अख्खा ढीग मात्र एकाच मनगटाचा आहे.

ते मनगट जाधवमामांचं. मूळचे साताऱ्याचे, आमचे सगळ्यात जुने फिटर. कानस मारताना केसभर फरकसुद्धा त्यांच्या हाताला कळायचा. "जपून रे" हा त्यांचा रोजचा जप. एका रविवारी जुईनगरच्या त्यांच्या सोसायटीचा जिना धुतला होता. मामा मामींना "जपून गं" म्हणाले आणि स्वतःच चार पायऱ्या खाली! उजवा हात टेकला नि मनगट मोडलं. मामी ठणठणीत.

*

दोन दिवसांनी मामा प्लास्टर आणि एक्स-रे दाखवायला आले. आम्ही एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला. ड्रॉइंग वाचायची सवय, त्यामुळे कुणी फ्रंट व्ह्यू कुठला विचारतोय, कुणी मापं शोधतोय. तयार माल तपासणारे आमचे इन्स्पेक्टर पाटणकर मात्र प्लास्टर निरखत होते. या माणसाने आम्ही घडवलेला एकही जॉब पहिल्या फटक्यात पास केलेला नव्हता. लग्नाच्या पंगतीत जिलबीचासुद्धा गोलावा बघायचे. त्यांनी खिशातून लाल टॅग काढला आणि प्लास्टरला बांधला. त्यावर लिहिलं होतं, 'रीवर्क'.

मामा हसले, पण आतून टरकले होते. हात पूर्वीसारखा चालला नाही तर त्यांना कायमचं स्टोअरच्या खिडकीत बसवायचं, असं मालकांनी ठरवलं होतं. "नटबोल्ट वाटत बसण्यापरीस गावाकडं म्हशी राखीन," मामा मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

*

चौथ्या आठवड्यात प्लास्टरच्या आत खाज सुटली. त्याच सुमारास पाटणकरांकडची फट मोजायची एक पातळ पट्टी हरवली. त्यांनी टेबलं हलवली, आमचे डबे तपासले, नोटीस लावली. प्लास्टर कापलं तेव्हा पट्टी आतून निघाली! डॉक्टरांनी मामांना यथेच्छ झापलं. पाटणकरांनी पट्टी पुसली, मोजली आणि म्हणाले, "झिजलीय."

*

प्लास्टर गेलं, पण मनगट गंजलेल्या बिजागरीसारखं. हाड जुळलंय, आता रोज हलवल्याशिवाय सुटणार नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. कोमट पाण्यात हात बुडवा, मऊ चेंडू दाबा. मामींनी चेंडूऐवजी कणकेची परात पुढे सारली.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही कोनमापक लावून मनगट किती वळतं ते मोजायचो आणि कपाटावर खडूने लिहायचो. एकदा आकडा पाच डिग्रीने घसरला. सगळे हवालदिल! चौकशी केली तर कळलं, मामी दोन दिवस माहेरी गेल्या होत्या.

*

शेवटी मालकांनी परीक्षा ठेवली. लोखंडी ठोकळ्याची एक बाजू कानशीने सपाट करायची. पाटणकरांनी पास केला तर फिटरचं टेबल, नाहीतर खिडकी.

मामा दोनदा थांबले, मनगट चोळलं, पुन्हा लागले. पाटणकरांनी ठोकळा उजेडाला धरला, फिरवला, परत धरला. मशिनी बंद करून आम्ही बघत होतो. मग त्यांनी हिरवा टॅग काढला, 'पास' लिहिलं, 'तपासले'खाली सही केली आणि टॅग बांधला. ठोकळ्याला नाही, मामांच्या मनगटाला! मामांचे डोळे भरून आले.

टॅगवर 'मंजूर' अशी आणखी एक जागा असते. ती रिकामी होती. "दुसरी सही झाल्याशिवाय काढायचा नाही," पाटणकरांनी बजावलं.

मामा तसेच शेवटच्या तपासणीला गेले. डॉक्टरांनी मनगट वळवलं, दाबलं, टॅग उलटसुलट करून वाचला आणि हात बरा झाल्याचं सांगितलं.

मामांनी हात मागे घेतलाच नाही. "साहेब, तुमची सही राहिली."

डॉक्टरांनी निमूट पेन काढलं.