ओ भाऊ, सरका

तो माणूस आजही समोर आला की माझे दात आपोआप ओठांवर येतात. राग गिळावा म्हणतात. गिळला असता तर पचला नसता, म्हणून मी गिळलाच नाही.

धुळ्याच्या एमआयडीसीत डाळीचं मोठं गोडाऊन आहे. मी तिथं डिस्पॅचच्या टेबलावर बसते, गाड्यांचे गेटपास लिहिते. माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या अक्काला, तिथं मीच लावलं. गोण्यांतून सांडलेली डाळ झाडून गोळा करायची, एवढंच काम. देवपूरहून पांझरेचा पूल ओलांडून ती रोज पायी यायची आणि मला अहिराणीत म्हणायची, "तुले रिक्षाच लागस, महाराणी!"

गोडाऊनमध्ये पुढच्या लोखंडी काट्यांवर गोण्या उचलणाऱ्या दोन फोर्कलिफ्ट होत्या. बॅटरीवरच्या, त्यामुळे मागून आल्या तरी कानाला पत्ता लागत नाही. म्हणूनच त्यांना हॉर्न असतो. पण मॅनेजरच्या केबिनची खिडकी गोडाऊनमध्येच उघडते आणि त्याला फोनवर बोलताना त्या हॉर्नचा त्रास व्हायचा. "कान किटले माझे!" म्हणत एक दिवस त्यानं इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही गाड्यांच्या हॉर्नच्या वायरी काढून घेतल्या. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, माणसं मधून चालतात हो." तर हा म्हणतो, "मग तोंड कशाला दिलंय देवानं? आवाज देत जा."

तेव्हापासून दिवसभर गोडाऊनमध्ये एकच आरोळी. "ओ भाऊ! भाऊ, सरका!"

आता आमच्याकडे भाऊ कोण नाही? हमाल भाऊ, वॉचमन भाऊ, ट्रकवाला भाऊ, चहावाला भाऊ. सुरुवातीला एका हाकेला सगळे वळायचे. मग कोणीच वळेना. हे मी बघत होते, हसतही होते, आणि टेबलावरून उठून एक शब्द बोलले नाही. ते माझं पाप, ते मी कोणावर ढकलत नाही.

त्या दिवशी अक्का दोन थप्प्यांच्या मधल्या वाटेत वाकून झाडत होती. धुळीसाठी डोक्याला, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला. फोर्कलिफ्टवर गोण्यांची थप्पी इतकी उंच, की ड्रायव्हरला पलीकडचं धड दिसत नव्हतं. त्यानं तीनदा हाक दिली. "भाऊ! ओ भाऊ! भाऊ, सरका!" अक्का हलली नाही. पुढचं चाक तिच्या डाव्या पायावरून गेलं.

दोन बोटं काढावी लागली. टाच जुळली, पण वेडीवाकडी. दवाखान्यात ती शुद्धीवर आल्यावर मी रडत, चिडत तिला विचारलं, "अगं, इतका ओरडत होता तो, ऐकू नाही आलं का?"

तर ती माझ्याकडे बघत म्हणाली, "ऐकू उनं ना. पन मी का भाऊ शे? माले वाटनं, दुसरा कोनले हाक मारी राहिना."

आणि मॅनेजरनं अपघाताच्या अहवालात काय लिहिलं? "वारंवार आवाज देऊनही सदर महिला कामगार बाजूला झाली नाही." हॉर्नचं नाव नाही. त्याच रात्रीतून वायरीही परत जोडल्या, मेल्यानं! अक्काला पायाचं दुःख होतंच, पण त्या एका ओळीनं ती झुरली. "म्हणजे चूक मनीच शे?" असं रोज विचारायची. ती ओळ त्याला खायला लावायची, हे मी तिच्या खाटेशेजारी बसून ठरवलं.

चौकशीला सरकारी अधिकारी येणार, हे मला गेटपासच्या वहीवरून आधी कळलं. मी ड्रायव्हरला गाठलं. तो बिचारा त्या दिवसापासून अर्धा झाला होता. त्याला म्हटलं, "गाडी रिकामी आण, मुंगीच्या पावलानं. दहा फुटांवर थांब. हॉर्न वाजवायचा नाही. फक्त साहेबांनी शिकवलं तशी हाक दे."

अधिकारी आला. मॅनेजर त्याच वाटेत उभा राहून हातवारे करत सांगत होता, ती कशी इथे वाकली होती, तिचं लक्ष कसं नव्हतं. त्याची पाठ वाटेच्या तोंडाकडे. मागून फोर्कलिफ्ट आली. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं, नको थांबूस रे बाबा, येऊ दे तशीच. पण ड्रायव्हर माझ्यापेक्षा भला माणूस. ठरल्या जागी थांबला.

"ओ भाऊ! भाऊ, सरका!"

दोन हमाल वळले. वॉचमन वळला. अधिकारीसुद्धा वळला. मॅनेजर बोलतच होता. ड्रायव्हरनं आणखी दोनदा हाक दिली, तरी नाही. शेवटी अधिकारीच म्हणाला, "अहो, मागे बघा की!"

तो वळला आणि समोर लोखंडी काटे बघून असा उडाला, की शेजारच्या गोण्यांवर धपकन बसला. मग ओरडला, "मला काय माहीत मला म्हणतोय? इथे मला भाऊ कोण म्हणतं!"

"हेच!" मी टेबलावरून उठले. माझा आवाज फाटला होता. "हेच माझी अक्का सांगत होती साहेब. तिलाही कोणी भाऊ म्हणत नाही."

मग ड्रायव्हरनं वायरींचं सगळं सांगितलं. इलेक्ट्रिशियननंही मान डोलावली. अधिकाऱ्यानं ती ओळ खोडली आणि नवीन लिहिली. हॉर्न बंद होता, चूक कामगार महिलेची नाही. मी ती प्रत घरी नेऊन अक्काला मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं ती दोनदा वाचायला लावली.

आता गोडाऊनमध्ये चालायची वाट वेगळी आहे, पिवळे पट्टे आणि कमरेएवढा लोखंडी कठडा. वळणांवर आरसे. हॉर्नला कोणी हात लावत नाही. मॅनेजरला जळगावच्या गोडाऊनला पाठवलं, पण महिन्यातून एकदा तो मीटिंगला इथे येतो.

बाकी सगळे त्याला साहेब म्हणतात. मी नाही. तो पिवळ्या पट्ट्यातून जायला लागला, की मी टेबलावरून मुद्दाम खणखणीत हाक देते, "ओ भाऊ!"

दर वेळी तो दचकून वळतो. अक्काला अजून भिंत धरल्याशिवाय वळता येत नाही, म्हणून ही हाक मी सोडणार नाही.