संत्र्याची सालं

नागपुरात सर्कस आली की तिच्यातला चिंपांझी दुपारभर तंबूबाहेर पिंजऱ्यात असायचा. आम्ही नागपूरकर मोठे दानशूर! संत्र्याच्या फोडी स्वतः गिळायच्या आणि सालं त्याच्यापुढे फेकायची. पहिल्या दिवशी त्याने ती हुंगली, चाटूनही पाहिली. चार दिवसांत त्याने आमची लायकी ओळखली. तो सालं जमवून ठेवू लागला आणि गर्दी झाली की नेम धरून आमच्याच तोंडावर मारू लागला. शाळेत भूतदया शिकवणारे माझे मास्तर मामा गाल पुसत ओरडले, "याले काही माणुसकी हाये का गा?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझ्या खिशात तेव्हा दोन अख्खी संत्री होती. ती मी घरी नेऊन खाल्ली.